सादृश्य, सहचरांमधील

रक्ताचे जवळचे नाते नसलेल्या, परंतु विवाह, मैत्री वा दीर्घ सहवास यांमुळे एकत्र आलेल्या व्यक्तींच्या चेहऱ्यांत, देहयष्टीत, हावभावांत व बोलण्याचालण्यात इतरांना जाणवणारे साम्य. पती-पत्नी एकमेकांसारखी दिसतात, जिवलग मैत्रिणी सख्ख्या बहिणी वाटतात, हा अनुभव बहुतेक समाजांत परिचयाचा आहे. सांगणाऱ्याच्या दृष्टीने तो बहुधा कौतुकाचा उद्‌गार असतो. ज्यांना उद्देशून तो काढला जातो त्यांची प्रतिक्रिया मात्र संमिश्र असते. नवविवाहित जोडप्यास ‘तुम्ही भाऊ-बहीण दिसता’ असे कोणी म्हटले, तर ती दोघे अवघडून जातात. तेच साम्य साठी उलटलेल्या जोडप्यास दाखवून दिले, तर चाळीस वर्षांच्या संसाराची पावती मिळाल्यासारखे त्यांना वाटते. एकाच निरीक्षणाचे हे दोन अर्थ ध्यानी घेतले म्हणजे त्यामागे दोन वेगवेगळ्या समजुती आहेत हे कळून येते. पहिलीनुसार साम्य आधीपासूनच होते. दुसरीनुसार ते सहवासाने आले.

मराठी भाषेत या दोन्ही समजुती रूढ आहेत. वधूवरांच्या संदर्भात वापरला जाणारा ‘अनुरूप’ हा शब्द मूळ अर्थाने ‘रूपाला अनुसरून असलेला’ असा आहे; म्हणजे साम्य हा तेथे निवडीचा निकष ठरतो. उलट, ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण सहवासाचा परिणाम सांगते, आणि त्या परिणामाची मर्यादाही सांगते : शेजारी बांधलेल्या बैलाचा रंग बदलत नाही, सवयी बदलतात. संस्कृत परंपरेतील कीटभृंगन्याय याच्याही पुढे जातो. भृंगाने आपल्या घरट्यात आणून ठेवलेला कीटक भयाने त्याचेच सतत चिंतन करतो व अखेर स्वतः भृंग होतो, अशी ही कल्पना आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. कुंभारीण माशी अळीला दंश करून निश्चल करते व तिच्यासोबत आपले अंडे ठेवते. अंड्यातून निघालेला डिंभ ती अळी खाऊन वाढतो व घरट्यातून नवी माशी बाहेर पडते. दृष्टांत म्हणून हा न्याय कितीही मनोहर असला, तरी त्यात रूपांतर कोणाचेच झालेले नसते, झालेली असते ती अदलाबदल. सहचरांमधील सादृश्याच्या आधुनिक संशोधनातही नेमका हाच प्रश्न पुढे आला.

अशा सादृश्याची चार कारणे संभवतात. माणसे आपल्यासारख्याच व्यक्तीची निवड करीत असतील. निवडीचे क्षेत्रच समाजाने इतके आखून दिलेले असेल, की त्यातील कोणतीही दोन माणसे काही अंशी सारखीच असावीत. सहवासाने माणसे खरोखर बदलत असतील. किंवा साम्य पाहणाऱ्याच्या अपेक्षेतच असेल. ही कारणे परस्परांना वगळणारी नाहीत आणि प्रत्यक्षात ती एकमेकांत मिसळलेली असतात. त्यामुळे ‘तुम्ही दोघे सारखे दिसता’ हे विधान तपासून पाहणे वाटते तितके सोपे नाही.

मोजमापाचा प्रारंभ : या विषयाचा संख्याशास्त्रीय अभ्यास चेहऱ्यापासून नव्हे, तर उंचीपासून सुरू झाला, कारण उंची पट्टीने मोजता येते. इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टन (१८२२–१९११) यांनी कुटुंबांच्या नोंदी जमवून आनुवंशिकतेचा अभ्यास केला. विवाहाच्या निवडीवर उंचीचा म्हणावा असा प्रभाव पडत नाही, असे त्यांना त्या नोंदींवरून वाटले. त्यांचे अनुयायी कार्ल पीअर्सन (१८५७–१९३६) व ॲलिस ली यांनी अधिक मोठ्या प्रमाणावर मोजमापे घेतली आणि १९०३ मध्ये निराळा निष्कर्ष प्रसिद्ध केला. सुमारे एक हजार जोडप्यांमध्ये पतीची उंची व पत्नीची उंची यांचा सहसंबंध गुणांक ०·२८ इतका आढळला. हा गुणांक शून्य असेल, तर दोन राशींमध्ये काहीही संबंध नाही व १ असेल, तर पूर्ण संबंध आहे, असे समजतात. ०·२८ हा संबंध क्षीण असला, तरी निश्चित होता. उंच पुरुषांच्या पत्नी सरासरीने इतर स्त्रियांपेक्षा थोड्या उंच होत्या. विवाहानंतर सहवासाने कोणाची उंची वाढत नसल्यामुळे हे साम्य आधीचेच, म्हणजे निवडीतून आलेले, हे उघड होते. सदृश व्यक्तीशी विवाह करण्याच्या या प्रवृत्तीस सदृश-वरण म्हणता येईल. पुढे जगातील अनेक समाजांतील मोजमापे एकत्र करून २०१७ साली जी सरासरी काढण्यात आली ती ०·२३ भरली. पीअर्सन यांच्या आकड्यापासून ती फार दूर नाही.

पीअर्सन यांचा हा आकडा दिसायला किरकोळ असला, तरी त्याचे महत्त्व मोठे ठरले. रॉनल्ड फिशर (१८९०–१९६२) यांनी १९१८ मध्ये मेंडेल यांचे नियम व नातेवाइकांमधील प्रत्यक्ष साम्य यांची सांगड घातली, तेव्हा पती-पत्नींमधील सादृश्य त्यांना हिशेबात घ्यावे लागले. आईवडीलच एकमेकांसारखे असतील, तर भावंडांमधील साम्य वाढते आणि ते सर्वस्वी आनुवंशिकतेच्या खाती जमा केल्यास अंदाज चुकतो. ही अडचण आजही संपलेली नाही. दोन वेगवेगळ्या गुणांची जननिक मुळे एकच आहेत असे दाखवणारे काही निष्कर्ष सदृश-वरणामुळे फुगलेले असू शकतात, असे २०२२ मधील एका महत्त्वाच्या संशोधनात दाखवून देण्यात आले. उदा., उंच व सुशिक्षित माणसे परस्परांशी विवाह करीत राहिली, तर काही पिढ्यांनंतर उंची व शिक्षण यांचा शरीरशास्त्रीय संबंध आहे असा भास होईल. वास्तविक तो संबंध विवाहाने घडवून आणलेला असेल.

चेहऱ्यांच्या अभिसरणाची कल्पना : दीर्घ सहवासाने चेहरेच सारखे होतात, या लोकसमजुतीची पहिली प्रसिद्ध चाचणी पोलंडमध्ये जन्मलेले अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स (१९२३–२००८) व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये घेतली. त्यांनी १२ जोडप्यांची विवाहाच्या पहिल्या वर्षातील व पंचवीस वर्षांनंतरची छायाचित्रे मिळवली. पार्श्वभूमी काढून टाकून ती ११० विद्यार्थ्यांना दाखवण्यात आली. कोण कोणाचा जोडीदार हे त्यांना ठाऊक नव्हते. कोणता चेहरा कोणत्या चेहऱ्याशी किती जुळतो, एवढेच त्यांना ठरवायचे होते. विवाहाच्या वेळच्या छायाचित्रांपेक्षा पंचवीस वर्षांनंतरच्या छायाचित्रांत पती-पत्नींमधील साम्य अधिक भरले. शिवाय ज्या जोडप्यांनी आपला संसार सुखाचा झाल्याचे सांगितले त्यांच्यात ही वाढ जास्त होती.

झायन्स यांनी समान आहार, समान हवामान यांसारख्या शक्यतांचा विचार केला. परंतु त्यांचा कल भावनिक अनुकरणाकडे होता. इझ्राएल वेनबाउम या फ्रेंच वैद्याने १९०७ मध्ये असा सिद्धांत मांडला होता, की चेहऱ्याच्या स्नायूंच्या हालचालींमुळे मेंदूकडे जाणाऱ्या रक्तप्रवाहात फरक पडतो व त्यातून भावनेचा अनुभव घडतो. जवळपास विस्मृतीत गेलेला हा सिद्धांत झायन्स यांनी पुन्हा पुढे आणला. पती हसला की पत्नी हसते, ती चिंतेत असली की त्याच्याही कपाळावर आठ्या पडतात. वर्षानुवर्षे तेच स्नायू त्याच रीतीने वापरले गेल्याने सुरकुत्या व चेहऱ्याची ठेवण एकसारखी होत जाते, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. त्याचा एक भाग भक्कम पायावर उभा आहे. समोरच्या चेहऱ्यावरील भाव पाहताच पाहणाऱ्याच्या चेहऱ्याचे स्नायू सूक्ष्म प्रमाणात तसेच हलतात, हे स्वीडनमधील उल्फ डिंबर्ग यांनी १९८२ मध्ये विद्युत्‌मापनाने दाखवले होते. रक्तप्रवाहाविषयीचा भाग मात्र शरीरशास्त्रज्ञांना पटला नाही.

झायन्स यांचा निष्कर्ष पाठ्यपुस्तकांतून व वृत्तपत्रांतून सर्वत्र पसरला. तो इतका हवाहवासा होता, की अवघ्या १२ जोडप्यांवर तो आधारलेला आहे, याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. वास्तविक दोनच वर्षांनी, १९८९ मध्ये, व्हर्लिन हिन्झ यांनी वाङ्‌निश्चय झालेली जोडपी व विवाहाला पंचवीस वर्षे झालेली जोडपी यांची छायाचित्रे तपासली. यदृच्छया जुळवलेल्या स्त्री-पुरुषांपेक्षा खरी जोडपी एकमेकांसारखी दिसत होती. परंतु जुनी जोडपी नव्या जोडप्यांपेक्षा अधिक सारखी दिसत नव्हती. एवढे असूनही लोकांच्या स्मरणात राहिला तो झायन्स यांचाच निष्कर्ष.

या वादाचा बऱ्याच अंशी निकाल २०२० मध्ये लागला. स्टॅनफर्ड विद्यापीठातील पिन पिन टी-मॅकॉर्न व मिखाल कोसिन्स्की यांनी ५१७ जोडप्यांची छायाचित्रे गोळा केली. एक संच विवाहाच्या सुमाराचा व दुसरा २० ते ६९ वर्षांनंतरचा होता. साम्य ठरवण्यासाठी त्यांनी १५३ परीक्षकांची मदत घेतली आणि त्याशिवाय चेहरे ओळखणारी संगणकीय प्रणालीही वापरली. दोन्ही रीतींनी उत्तर एकच आले : पती-पत्नींचे चेहरे यदृच्छया निवडलेल्या व्यक्तींपेक्षा अधिक सारखे असतात, पण काळाबरोबर हे साम्य वाढत नाही. या अभ्यासालाही मर्यादा आहेत. छायाचित्रे प्रामुख्याने गौरवर्णीय पाश्चात्त्य जोडप्यांची होती आणि स्थिर छायाचित्रात हसण्याची लकब, मान वळवण्याची ढब किंवा बोलताना भुवई उचलण्याची सवय टिपली जात नाही. तरीही चेहऱ्याच्या ठेवणीपुरते बोलायचे, तर म्हणीतील ‘वाण नाही’ हे शब्द खरे ठरले असे म्हणावे लागते.

पाहणाऱ्याची दृष्टी : अशा अभ्यासांत परीक्षकांना खरी जोडी कोणती हे न सांगण्याची दक्षता घ्यावी लागते. इटलीतील पाओला ब्रेसान व मारिआ दाल मार्तेल्लो यांनी २००२ मध्ये प्रौढ व बालक यांच्या छायाचित्रांच्या जोड्या लोकांना दाखवल्या. जोडी मायलेकरांची किंवा बापलेकांची आहे असे सांगितले, की लोकांना तीत अधिक साम्य दिसे, मग ते नाते खरे असो वा नसो. दत्तक मुलाच्या आईवडिलांना ‘अगदी तुमच्यावरच गेला आहे’ असे ऐकावयास मिळते, ते सर्वस्वी शिष्टाचारापोटीच असते असे नाही. बोलणाऱ्याला ते साम्य खरोखरच दिसत असते. पती-पत्नींच्या बाबतीत ही अपेक्षा अधिकच प्रबळ असते, कारण आपण त्यांना नेहमी शेजारी शेजारी पाहतो. वार्धक्यात केस पिकतात, त्वचा सैल पडते, दात जातात. या सर्वसामान्य बदलांमुळे कोणतीही दोन वृद्ध माणसे तरुणांच्या तुलनेत एकमेकांच्या जवळ आल्यासारखी वाटतात. म्हणून वृद्ध जोडप्याची तुलना त्याच वयाच्या, पण एकमेकांशी संबंध नसलेल्या स्त्री-पुरुषांशी करणे आवश्यक ठरते. जुन्या छायाचित्रसंग्रहातील लग्नाचे व साठीशांतीचे चित्र शेजारी ठेवून केलेल्या घरगुती तुलनेत ही खबरदारी अर्थातच घेतली जात नाही.

निवडीतील साम्य : आपल्या चेहऱ्याशी मिळताजुळता चेहरा माणसाला का भावतो, याविषयी एकमत नाही. कॅनडातील लिसा डीब्रुईन यांनी २००२ मध्ये एका खेळाच्या साह्याने असे दाखवले, की खेळणाऱ्याच्या स्वतःच्या चेहऱ्याचा अंश संगणकाने मिसळलेल्या अनोळखी चेहऱ्यावर तो अधिक विश्वास टाकतो. हे मिश्रण झाले आहे याची त्याला कल्पना नसते. परंतु २००५ मधील त्यांच्याच पुढील प्रयोगात असे साम्य असलेले भिन्नलिंगी चेहरे विश्वासार्ह वाटूनही अल्पकालीन लैंगिक आकर्षणाच्या दृष्टीने मात्र कमी पसंतीस उतरले. सादृश्याचा संकेत मन आप्तत्वाचा म्हणून वाचते, असा याचा अर्थ लावण्यात आला. ‘भाऊ-बहीण दिसता’ हे ऐकून नवे जोडपे का अवघडते, त्याचे उत्तर बहुधा येथे आहे.

फिनलंडचे मानवशास्त्रज्ञ एडव्हर्ड वेस्टरमार्क (१८६२–१९३९) यांनी १८९१ मध्ये असे प्रतिपादन केले होते, की बालपण एकत्र घालवलेल्या व्यक्तींमध्ये, त्या रक्ताच्या नात्याच्या असोत वा नसोत, पुढे लैंगिक आकर्षण निर्माण होत नाही. इझ्राएलमधील किब्बुत्स वसाहतींत एकाच बालगृहात वाढलेली मुले मोठेपणी आपसात विवाह करीत नाहीत, हे या मताच्या पुष्टीसाठी नेहमी सांगितले जाते. उलटपक्षी, हंगेरीतील तामाश बेरेत्सकेई व सहकाऱ्यांना २००४ मध्ये असे आढळले, की दत्तक गेलेल्या मुलींच्या पतींचे चेहरे त्यांच्या दत्तक पित्यांशी जुळतात. येथे रक्ताचे नाते नसल्याने हा आनुवंशिकतेचा भाग असू शकत नाही. लहानपणी ज्याच्या मायेत वाढलो त्याचे रूप मनावर ठसते व पुढे निवडीत उमटते, असे दिसते. ही दोन निरीक्षणे एकमेकांना छेद देतात असे सकृद्दर्शनी वाटेल. प्रत्यक्षात एक सहवासातील व्यक्तीविषयी आहे, तर दुसरे तिच्यासारख्या दिसणाऱ्या परक्या व्यक्तीविषयी आहे.

पाळीव कुत्री मालकासारखी दिसतात हा विनोदाचा विषय असला, तरी अमेरिकेतील मायकेल रॉय व निकोलस क्रिस्टेनफेल्ड यांनी २००४ मध्ये तोही तपासला. शुद्ध जातीच्या २५ कुत्र्यांपैकी १६ कुत्र्यांचे मालक परीक्षकांनी छायाचित्रांवरून बरोबर ओळखले. संकरित कुत्र्यांच्या बाबतीत मात्र तसे घडले नाही. सहवासाच्या काळाचा या साम्याशी संबंध आढळला नाही. शुद्ध जातीचे पिलू पुढे कसे दिसेल हे आधी ठाऊक असते, त्यामुळे तेथे निवडीला वाव असतो. माणसांच्या जोडप्यांविषयीचा २०२० चा निष्कर्ष याच दिशेचा आहे.

समाजाची कुंपणे : वरील विवेचनात निवड मोकळी असते असे गृहीत धरले आहे. भारतासारख्या देशात ते गृहीत टिकत नाही. येथे विवाहाची सीमा व्यक्तीच्या आवडीआधीच जात, पोटजात, भाषा व प्रदेश यांनी ठरवलेली असते. भारतीय मानव विकास सर्वेक्षणाच्या २०११-१२ च्या पाहणीनुसार आंतरजातीय विवाहांचे प्रमाण सुमारे ५ टक्के होते. ही बंदिस्ती किती जुनी आहे याचा अंदाज जननशास्त्राने करता येतो. प्रिया मूरजानी व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार उपखंडातील प्राचीन लोकसमूहांचे मोठ्या प्रमाणावरील मिश्रण सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात झाले व त्यानंतर अंतर्विवाहाची चौकट घट्ट होत गेली. एवढ्या पिढ्या एकाच वर्तुळात विवाह झाल्यावर त्या वर्तुळातील पती-पत्नी काही अंशी एकमेकांसारखी दिसली, तर त्यात नवल नाही. ‘जोडा शोभतो’ या कौतुकामागे रूपसाम्य किती व जातिसाम्य किती, हे निवडून काढणे अवघड आहे. या साम्यालाच अनुरूपतेचे प्रमाण मानून आंतरजातीय विवाहाविरुद्ध ते वापरले जाते, हा तर्कदोष होय : कुंपणाने निर्माण केलेले साम्य कुंपणाचे समर्थन ठरू शकत नाही.

महाराष्ट्राची स्थिती या बाबतीत विशेष आहे. इरावती कर्वे (१९०५–७०) यांनी किन्‌शिप ऑर्गनायझेशन इन इंडिया (१९५३) या ग्रंथात भारताचे आप्तसंबंधांच्या दृष्टीने विभाग पाडले आणि महाराष्ट्राचा समावेश मध्य विभागात केला. उत्तरेत निकटच्या आप्तांशी विवाह निषिद्ध मानला जातो, तर दक्षिणेत मामेबहीण, आतेबहीण व अनेक जातींत सख्खी भाचीदेखील विवाहास योग्य समजली जाते. महाराष्ट्रात या दोन्ही प्रथा एकमेकींना भिडतात. येथील अनेक जातींत मामाच्या मुलीशी विवाह चालतो, नव्हे, काही ठिकाणी तो पसंत केला जातो. आत्याच्या मुलीशी केलेला मात्र सामान्यतः नापसंत ठरतो. अशा विवाहात मुलगी आपल्या आत्याच्या घरीच सून म्हणून जाते. पती-पत्नींचा एक आजा-आजी समान असल्याने त्यांच्या जीनांचा सरासरीने आठवा हिस्सा समान असतो. मामा-भाचीच्या विवाहात तो चौथा हिस्सा असतो. तेथे दिसणारे सादृश्य सहवासाचे नसून कुळाचे असते आणि काही आनुवंशिक रोगांचा संभवही त्यामुळे वाढतो. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ अन्वये पित्याकडून पाच व मातेकडून तीन पिढ्यांपर्यंतचे सपिंड विवाह निषिद्ध आहेत. मात्र उभयतांच्या रूढीने मान्य असलेल्या विवाहांना त्यात अपवाद आहे.

मित्रांमधील सादृश्य : मैत्रीत विवाहासारखी बंधने नसतात, म्हणून तेथील साम्य अधिक बोलके असावे अशी अपेक्षा असते. निकोलस क्रिस्टाकिस व जेम्स फाउलर यांनी अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथील १,९३२ व्यक्तींच्या जीनांची तुलना करून २०१४ मध्ये असे प्रतिपादन केले, की मित्र एकमेकांशी जननिक दृष्ट्या चौथ्या पिढीच्या चुलत-मावस भावंडांइतके, म्हणजे ज्यांच्या खापरपणजोबांचे आईवडील समान आहेत अशा नातेवाइकांइतके, सदृश असतात. हे साम्य फारच अल्प आहे. अशा नातेवाइकांत सरासरीने जीनांचा ५१२ वा हिस्सा समान असतो. शिवाय त्याचा अर्थ ‘मन आपल्यासारखे जीन हुडकून काढते’ असा करण्याची घाई करता येत नाही. बेंजामिन डोमिंग व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये अमेरिकेतील शाळकरी मुलांच्या मैत्रीची तपासणी केली, तेव्हा मित्र नसलेले सहाध्यायीदेखील परक्या मुलांपेक्षा एकमेकांना सदृश आढळले. कोणत्या वस्तीतील कोणती मुले एका शाळेत येतात, यावरच साम्याचा बराचसा भाग ठरत होता. भारतातील जातींसारखी येथेही कुंपणे आहेत, फक्त ती उघड दिसत नाहीत.

२०२२ मध्ये इझ्राएलच्या वाइझमान संस्थेत याहून अनपेक्षित साम्य आढळले. भेटताक्षणी सूर जुळून घनिष्ठ झालेल्या समलिंगी मित्रांच्या अंगगंधाचे नमुने इलेक्ट्रॉनिक गंधमापकाने तपासले असता ते यदृच्छया जुळवलेल्या जोड्यांपेक्षा अधिक सारखे निघाले. तत्पूर्वी २०१८ मध्ये कॅरोलिन पार्किन्सन व सहकाऱ्यांनी एकाच वर्गातील ४२ विद्यार्थ्यांना काही चित्रफिती दाखवून त्यांच्या मेंदूंच्या प्रतिसादांचे आलेख घेतले होते. मित्रांचे प्रतिसाद सर्वाधिक जुळत व मैत्रीचे अंतर वाढेल तसतसे ते वेगळे होत. मात्र एकाच दृष्टीने जग पाहणारे एकत्र येतात, की एकत्र राहून त्यांची दृष्टी एक होते, हे अशा एकवेळच्या पाहणीतून ठरवता येत नाही.

काहीही संबंध नसताना एकमेकांसारखी दिसणारी माणसेही असतात. फ्रान्स्वा ब्रुनेल या कॅनडातील छायाचित्रकाराने अशा अनोळखी जोड्यांची छायाचित्रे वर्षानुवर्षे काढली. बार्सेलोना येथील मानेल एस्तेल्यर व सहकाऱ्यांनी त्यांपैकी ३२ जोड्यांचा अभ्यास करून २०२२ मध्ये असे दाखवले, की सर्वांत जास्त सारख्या दिसणाऱ्या जोड्यांपैकी अनेकांत चेहऱ्याच्या घडणीशी निगडित असे जीनांतील भेद समान असतात. त्यांच्या शरीरातील सूक्ष्मजंतू मात्र निरनिराळे असतात.

सहवासाने घडणारे बदल : पती-पत्नींच्या बाबतीत हीच गोष्ट उलट घडते. त्यांचे जीन सारखे होत नाहीत, पण सूक्ष्मजंतू होतात. कॅनडात २०१७ मध्ये एकत्र राहणाऱ्या दहा जोडप्यांच्या त्वचेवरील जंतूंचे नमुने तपासले असता, केवळ त्यांवरून कोण कोणाचा जोडीदार हे संगणकास ८६ टक्के वेळा ओळखता आले. तळपायांवरील जंतूंत साम्य सर्वाधिक होते, कारण दोघे एकाच जमिनीवर अनवाणी चालतात.

बोलण्याची लकब तर याहून लवकर उचलली जाते. संभाषणात माणसे नकळत एकमेकांची गती, उच्चार व शब्द जवळ आणतात, हे हॉवर्ड जाइल्स यांनी १९७३ पासून सविस्तर मांडले. टान्या चार्ट्रांड व जॉन बार्ग यांच्या १९९९ मधील प्रयोगात अनोळखी सोबत्याने पाय हलवला, तर समोरचाही पाय हलवू लागे व त्याला त्याची जाणीव नसे. काही मिनिटांत जे घडते ते तीस वर्षांत किती खोल रुजत असेल, याची कल्पना करता येते. वऱ्हाडातून कोकणात सासरी आलेल्या मुलीच्या बोलण्यात दोन-चार वर्षांतच सासरचे हेल उतरतात व माहेरी गेल्यावर त्यावरून तिची थट्टा होते. तिच्या सासरच्या माणसांच्या बोलण्यात मात्र वऱ्हाडी शब्द क्वचितच शिरतात. ज्याच्याकडे अधिकार कमी त्याने अधिक बदलावे, हा सहवासाचा अलिखित नियम या थट्टेतून दिसून येतो आणि सादृश्याच्या कौतुकात तो सहसा लक्षात घेतला जात नाही.

आरोग्याच्या दृष्टीने सहचरांमधील साम्य अधिक विचारात घेण्याजोगे आहे. क्रिस्टाकिस व फाउलर यांनी २००७ मध्ये फ्रेमिंगहॅम येथील १२,०६७ व्यक्तींच्या ३२ वर्षांच्या नोंदींवरून असे मांडले, की एखाद्याचा मित्र लठ्ठ झाल्यास त्याच्या स्वतःच्या लठ्ठ होण्याचा संभव ५७ टक्क्यांनी व जोडीदार लठ्ठ झाल्यास ३७ टक्क्यांनी वाढतो. यावर एथन कोहेन-कोल व जेसन फ्लेचर यांनी २००८ मध्ये मार्मिक आक्षेप घेतला. त्याच पद्धतीने हिशेब केल्यास मुरुमे, डोकेदुखी, इतकेच काय, उंचीदेखील मित्राकडून मित्राकडे ‘पसरते’ असे निघते, हे त्यांनी करून दाखवले. संसर्ग, निवड व समान परिस्थिती यांचा गुंता आकडेमोडीने सहजी सुटत नाही, हे यावरून स्पष्ट झाले.

कारण कोणतेही असले, तरी जोडीदाराचे दुखणे ही वैद्याच्या दृष्टीने उपयुक्त माहिती असते. जोडीदारास मधुमेह असल्यास स्वतःस तो होण्याचा धोका २६ टक्क्यांनी अधिक असतो, असे २०१४ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून आढळले. रक्तदाबाविषयी २०२३ मध्ये चार देशांतील मध्यमवयीन व वृद्ध जोडप्यांची तुलना प्रसिद्ध झाली. दोघांनाही उच्च रक्तदाब असल्याचे प्रमाण इंग्लंडमध्ये सुमारे ४७, अमेरिकेत ३८, चीनमध्ये २१ व भारतात २० टक्के होते. भारतात दोघांनाही हा विकार असण्याचे प्रमाण कमी असले, तरी पतीला उच्च रक्तदाब असल्यास पत्नीलाही तो असण्याची शक्यता येथे १९ टक्क्यांनी अधिक आढळली. अमेरिका व इंग्लंड येथे ती ९ टक्क्यांनीच अधिक होती. एका चुलीवरचे मीठ व तेल, एकाच घरातील काळज्या आणि एकत्र चालायला जाण्याची वा न जाण्याची सवय ही त्याची कारणे असू शकतात. म्हणून रक्तदाबाच्या तपासणीस एकट्याला न बोलावता जोडप्याला एकत्र बोलवावे व आहारातील बदल दोघांनाही सांगावा, अशी शिफारस या अभ्यासकांनी केली आहे.